फळ्यावरचा पंजा

वरठीच्या पुढे, धानाच्या बांध्यांपलीकडे, वैमानिक शिकवणाऱ्या एका कंपनीचं हँगर होतं. तिथल्या विमानांची देखभाल तपासायला मेश्राम आले होते. वय झालेलं, स्वभाव बुजरा. कुणाला 'नाही' म्हणताना त्यांना घाम फुटे.

अवजारांच्या लाकडी फळ्यावर प्रत्येक पान्यामागे त्याचाच काळा आकार रंगवलेला होता. नियम सोपा होता: आकार रिकामा दिसला, की ती वस्तू विमानात राहिली असं समजायचं आणि विमान अडवायचं.

सगळी अवजारं जागेवर होती. फक्त खालच्या कोपऱ्यात एक आकार रिकामा होता. माणसाच्या हाताचा, वाकड्या करंगळीचा.

"हे काय?" मेश्रामांनी विचारलं.

"काल त नव्हतं, साहेब," मेकॅनिक जीवन म्हणाला. "कोणी गंमत केली असन. चित्रापायी माह्या पोरीचं विमान काहून अडवता?"

बाहेर त्याची हर्षा पहिल्यांदाच एकटी उडणार होती. इंजिन सुरू झालं होतं. मेश्राम ओशाळले, तरी होकाराला त्यांची मान हलेना.

"घ्या, भरली जागा!" हसत जीवननं आपला पंजा त्या आकारावर ठेवला. तो नेमका बसला, वाकड्या करंगळीसकट.

जीवनचं हसू विझलं.

"साहेब, हे लाकूड नाही. हाताले पत्रा लागून राहिला. थरथरून राहिला."

त्यानं हात ओढला. तो निघेना. घाबरून त्यानं बोटं आपटली. फळ्यावर आवाज झालाच नाही.

बाहेरचं इंजिन बंद पडलं.

"बाबा," हर्षानं हाक मारली, "पंखाच्या आतून कोण ठोकून राहिलं?"