दुधी छत्री

“अहो, विषारी असेल!” विमल मॅडम ओरडल्या. तोवर फुलाबाईंनी अळंबीच्या छत्रीची कड नखानं मोडून आतून आलेल्या पांढऱ्या दुधाचा थेंब जिभेच्या शेंड्याला लावला होता.

त्या खिडकीबाहेर थुंकल्या. जरा थांबल्या. “आदी कायच न्हाय, मागनं मिरीवानी तिखट. दुधीच हाय ही.”

१९९५चा जुलै. बारामतीच्या एका कॉलेजात विमल मॅडम वनस्पतिशास्त्र शिकवत, फुलाबाई तिथली प्रयोगशाळा झाडत. आदल्या दिवशी मॅडम मुलांना घेऊन वरंध घाटात जाऊन आल्या होत्या. जंगलात सापडलेली ही अळंबी त्या आज सकाळपासून पुस्तकाशी ताडून पाहत होत्या. नाव काही लागत नव्हतं.

“देठ वाकवून बगा,” फुलाबाई म्हणाल्या.

देठ खडूसारखा कट्कन तुटला.

“दुसऱ्या छत्रीचं असं तुटत न्हाय, धागं निघत्यात. ही दोन पाण्यात उकडायची, मगच खायाची.”

मॅडम भराभर लिहून घेऊ लागल्या. “तुम्ही कधी खाल्लीत?”

“भात्तरचा दुष्काळ सरला त्या साली. मेंढरं घिऊन कोकणातनं माघारी येत हुतो. पावसानं त्याच वरंध घाटात गाठलं. पीठ संपलं. चार दिस हिच्यावरच काढलं.” मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, “जांभळाखाली घावली का, मॅडम?”

“हो. ओढ्याच्या वर, मोठं जांभूळ आहे.”

“तितं दगडं रचल्याली दिसली का? ल्हानसा ढीग?”

मॅडमनी आठवून पाहिलं. “पालापाचोळा फार होता. कसला ढीग?”

“माझा बिरदेव हाय तितं. आठ म्हैन्यांचा हुता. तापानं गेला. पाऊस उघाडला तशी मेंढरं निगाली, मग आमीबी निगालो. पुढं मेंढरं इकली, हितं पिंपळी गावात घर केलं. पुन्यांदा काय जानं झालं न्हाय.”

तासाची घंटा झाली. मॅडम उठल्या नाहीत.

“पुढच्या रविवारी परत जायचंय आम्हाला,” त्या म्हणाल्या. “गाडीत जागा आहे. चला तुम्ही.”

फुलाबाईंचा चेहरा क्षणभर उजळला. पण त्यांनी झाडू उचलला आणि दारापर्यंत गेल्या.

“नगं मॅडम,” त्या म्हणाल्या. “बावीस वर्सांचा झाला आसंल आता. मला वळखायचा न्हाय.”