फळ्याची नावड

इर्मेलीच्या मनगटावरची पांढरी लव उभी राहिली होती. बोट फळ्याच्या काचेपासून दूर असताना ती सपाट होती. हात जवळ नेला की एकेक केस काचेकडे वाकत होता. तिने हात मागे घेतला. केस बसले. पुन्हा पुढे नेला. केस उठले.

मागे तिचा सातवीचा वर्ग वाट पाहत होता. इथे मुलं शिक्षकांना नावानेच हाक मारत.

"लाव ना हात, इर्मेली," ओट्सो म्हणाला. "चावत नाही तो."

तिने बोट टेकवलं. बारीकसा चटका बसला. पडद्यावरचं ग्रहांचं चित्र थरथरलं आणि फळा काळा झाला.

"झोपला!" ओट्सो म्हणाला. "तुला बघितलं की झोपतोच तो."

वर्ग हसला. इर्मेलीही हसली. या जागी हसायचं, हे तिने एव्हाना अंगवळणी पाडून घेतलं होतं.

शिकण्यात तिने कुचराई केली नव्हती. ऑगस्टमध्ये जुना फळा निघून हा विजेवर चालणारा आला, लाकडी जमिनीवर प्लास्टिकचं नवं अस्तर चढलं, आणि आयुष्यभर खडूने शिकवलेली इर्मेली हेलसिंकीला जाऊन पहिल्या रांगेत बसून प्रशिक्षण घेऊन आली. सप्टेंबरात फळा तिचं सगळं ऐकत होता. मग गावालगतच्या आखाताच्या कडेला बर्फ धरू लागलं, वर्ग तापवायला सुरुवात झाली आणि तो ऐकेनासा झाला. शेजारच्या वर्गावरची सन्ना सपाता फटफटवत यायची, बोट लावायची आणि फळा जागा व्हायचा. दुरुस्तीवाला बुटांवर निळ्या पिशव्या चढवून आला. त्याच्याही हाताखाली फळा शहाण्यासारखा वागला.

"यंत्रात काही दोष नाही," तो म्हणाला.

मग दोष कोणात, हे त्याने सांगायची गरज नव्हती.

इर्मेलीची आई याच वयात दुकानातून घरी यायची वाट विसरू लागली होती. सुरुवात अशीच, लहानसहान गोष्टींनी झाली होती. कुठलं बटण आधी, कुठलं नंतर, हे इर्मेली रात्री अंथरुणात मनाशी घोकायची. सगळं आठवायचं. सकाळी फळा काळा व्हायचा. मुख्याध्यापक यारमो शरद ऋतूपासून दर शुक्रवारी कॉफी ओतता ओतता विचारत होता, अजून एक वर्ष, की निवृत्ती? "पुढच्या शुक्रवारी सांगते," असं म्हणून ती विणकामात मान घालायची. आजही शुक्रवार होता. सोमवारी जागेची जाहिरात द्यायची म्हणून यारमो आता स्वतःच वर्गावर येणार होता. "जाते" हा शब्द तिने सकाळी आरशासमोर म्हणून पाहिला होता.

ती अजून मनगटाकडेच पाहत होती. तिथून तिची नजर पायांकडे गेली. बूट सगळ्यांच्या बुटांसोबत दाराबाहेर होते. पायांत तिनेच विणलेले लोकरीचे जाड मोजे होते. खाली प्लास्टिक. खोलीतली हवा कोरडी ठणठणीत. सन्नाच्या पायांत सपाता असायच्या, दुरुस्तीवाल्याच्या बूट. दर हिवाळ्यात ती मुलांना कंगवा आणि कागदाचे कपटे घेऊन हेच तर शिकवत आली होती.

तिने खुर्चीत बसून मोजे काढले.

"ईऽऽ!" वेन्ला ओरडली. "पाय तरी धुतलेस का?"

"धुतले की. शनिवारी, सौनात वाफ घेताना."

"आज शुक्रवार आहे!"

इर्मेली अनवाणी फळ्यापाशी गेली. बोट टेकवलं. ग्रह परत आले. तिने गुरू डावीकडे सरकवला, शनी उजवीकडे. दोघंही मुकाट्याने सरकले.

"एकदा जमलं म्हणजे काही सिद्ध होत नाही," ती म्हणाली. "उलटा प्रयोग करू. वेन्ला, माझे मोजे घाल."

"तुझे? शी! माझे आहेत ना, आजीने विणलेले."

"लोकरीचे?"

"मग काय, कागदाचे?"

"ये तर. दारापासून पाय घासत घासत ये."

मुलांना फळ्याला हात लावायची परवानगी नव्हती. त्यामुळे वेन्ला नवरीसारखी मिरवत, मुद्दाम सावकाश आली. तिने बोट पुढे केलं. चट् असा आवाज झाला. फळा काळा झाला.

वेन्लाने बोट तोंडात घातलं.

"वेन्ला म्हातारी झाली!" ओट्सो किंचाळला.

मग कोणाला आवरता येईना. निम्मा वर्ग मोजे काढायला लागला, निम्मा जमिनीवर पाय घासायला. इर्मेली टेबलाच्या कडेला बसून हसत होती, आणि डोळे पुसायला हाताला लागला तो स्वतःचाच मोजा.

यारमो दारात येऊन उभा राहिला. त्याने मोज्यांचा ढीग पाहिला, अनवाणी मुलं पाहिली, अनवाणी शिक्षिका पाहिली.

"हे काय चाललंय?"

"स्थिर विद्युत," इर्मेली म्हणाली. "अभ्यासक्रमात आहे."

"बरं. आणि माझं उत्तर? पुढच्या शुक्रवारी म्हणू नकोस हं."

इर्मेली उठली आणि अनवाणीच त्याच्यापाशी गेली.

"मी काहीही विसरलेली नाही, यारमो. मला फक्त सपाता हव्यात. जाहिरात देऊ नकोस. मी राहतेय."