कपाटातला ग्लास

ग्लास भरलेला होता.

अध्यक्षांना आधी वाटलं, कोणीतरी चेष्टा केलीय. अकरा वर्षं हा ग्लास युनियनच्या काचेच्या कपाटात रिकामाच उभा होता. वर्षातून एकदा, कापड रंगवायचा हा कारखाना कामगारांच्या ताब्यात आला त्या तारखेला, तो पुसून कॅन्टीनच्या टेबलावर ठेवायचा आणि अध्यक्षांनी त्याची गोष्ट सांगायची, असा रिवाज. आजही त्यासाठीच सगळे जमले होते. आणि आज त्यात काठोकाठ पाणी होतं. किंचित निळसर, मागे पांढरी भिंत होती म्हणून कळत होतं.

"हे कोणी भरलं?"

"मी," त्यांची मुलगी म्हणाली. ती कारखान्याच्या तपासणी खोलीत कामाला होती. घरी बाबा आणि कारखान्यात अध्यक्ष, हे ती कटाक्षाने पाळायची. आज विसरली. "बाबा, आपल्या क्वार्टर्समागच्या हातपंपाचं आहे. सकाळी मीच काढलं."

ग्लासची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती. संपाच्या दिवसांत अध्यक्षांनी याच ग्लासात कारखान्याच्या नाल्याचं पाणी भरून मालकासमोर ठेवलं होतं आणि म्हटलं होतं, घ्या, प्या. मालकाने दोन बोटांनी ग्लास बाजूला सरकवला आणि म्हणाला, "एवढी ऑर्डर जाऊ द्या, मग बघू." अध्यक्ष त्याची नक्कल अशी झकास करायचे की मालकाला कधी न पाहिलेली नवी पोरंसुद्धा हसून लोळायची. मग ते गंभीर व्हायचे. नदी नफ्यापायी मेली, म्हणायचे, नफेखोर गेला, आता ती आपोआप जगेल. हे ते टाळ्यांसाठी म्हणत नसत. त्यांचा त्यावर मनापासून विश्वास होता.

"वरच्या अंगाला ती खाजगी गिरणी आहे ना, तिचंच असणार," अध्यक्ष म्हणाले. त्यांना एकदम हुरूप आला. "उद्याच मोर्चा नेऊ."

"गिरणीचं नाही. अठरा नंबरचा निळा रंग आहे. तीनदा तपासला. तो इथे फक्त आपण वापरतो."

माईकवर टकटक करून बघणारा फोरमन खाकरला. "सांडपाण्याच्या टाकीचा पंप गेलाय ना," तो माईकपासून तोंड वळवून हळूच म्हणाला. "तुम्हाला माहितीय की. ठराव झालाय तसा."

"कसला ठराव?"

फोरमनने सभेची वही उघडून पुढे केली. पंप दुरुस्त होईपर्यंत सांडपाणी जुन्या नाल्यात सोडावे. चार महिन्यांपूर्वीची तारीख. एकमताने मंजूर. खाली पहिली सही ठसठशीत, तिरकी, शेवटी फराटा मारलेली. अध्यक्ष आपलीच सही परक्याची असल्यासारखी बघत राहिले.

सभेत चहा फिरत असताना ठराव वाचले जायचे. अध्यक्षांचा हात आधी वर जायचा, मग बाकीच्यांचे. अकरा वर्षांत एकही ठराव मतभेदाने झाला नाही, हे ते पाहुण्यांना छाती फुगवून सांगायचे. त्या दिवशीचा ठराव काही केल्या त्यांना आठवेना. चहा आठवला. त्यात साखर नव्हती.

"तू होतीस सभेला?"

"होते. तुमचा हात वर गेला, म्हणून माझाही गेला."

चार महिने. त्या हातपंपावर घरोघरच्या कळशा भरत होत्या.

"आजपासून काम थांबवावं लागेल," मुलगी म्हणाली. "टाकीचा नवा पंप बसेपर्यंत. आणि ते पाणी आजपासून कोणी प्यायचं नाही. सगळे इथेच आहेत, तुम्ही आत्ताच सांगा. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

"आणि गणवेशाची ऑर्डर?" फोरमनचा आवाज आणखी खाली गेला. "ती हातची गेली की कारखान्याला टाळं लागलंच म्हणून समजा. लोक टपलेलेच आहेत म्हणायला, की कामगारांना कारखाना चालवणं झेपत नाही. इतकी वर्षं ज्यासाठी मेलो, त्यावर पाणी."

दोघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होते. अध्यक्षांनी समोर पाहिलं. बाकं गच्च भरली होती, मागे लोक उभे होते. पहिल्याच बाकावर त्यांची बायको बसली होती. तिने पिशवीतून घरून आणलेली स्टीलची बाटली काढली, दोन घोट घेतले आणि बाटली शेजारणीच्या हातात दिली.

अध्यक्ष उठले. नको पिऊ, असं ओरडावं असं त्यांना फार वाटलं. ओठ हलले.

"एवढी ऑर्डर जाऊ द्या," ते म्हणाले, "मग बघू."

माईक चालू होता. पहिल्या बाकापासून शेवटपर्यंत हशा पिकला. लोकांना वाटलं, गोष्ट सुरू झाली.

अध्यक्षांनी खाली पाहिलं. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं ग्लासला टेकली होती आणि ग्लास टेबलाच्या पार कडेला गेला होता. बायकोही पदराने तोंड पुसत हसत होती. मुलगी तेवढी हसली नाही.

टाळ्या थांबेनात. मागून कोणीतरी ओरडलं, "वन्समोअर!"