चौदावी साखळी

मुकादम शिडीवरून जहाजाच्या पोटात उतरला तेव्हा अभियंता रॉकेटच्या लांबलचक पेटीवर चिकटवलेल्या पट्ट्या तपासत होता. पेटीला जोराचा दणका बसला की या पट्ट्या लाल होतात. सगळ्या पांढऱ्याच होत्या.

"केसालाही धक्का नाही लागलेला," तो खुशीत म्हणाला. मग त्याला मुकादम दिसला आणि त्याने मान खाली घातली.

चार दिवसांपूर्वीच्या वादळात डाव्या बाजूची चौदावी साखळी सुटली होती. मुकादमाचा मुलगा ती आवळायला धावला. तेवढ्यात पेटी वीतभर सरकली, आणि तो पेटी नि जहाजाची भिंत यांच्यामध्ये सापडला. जहाज अर्ध्या वाटेवरून माघारी आलं. काल संध्याकाळी मुलाला अखेरचा निरोप दिला, आणि आज चौकशी.

"उजवीकडच्या पहिल्या बारा साखळ्या तुम्ही बांधल्यात, डावीकडच्या पुढच्या बारा मुलाने. बरोबर?" चौकशी अधिकाऱ्याने विचारलं.

"बरोबर."

"मग बांधणीत त्याचा निष्काळजीपणा झाला, असंच लिहावं लागेल. माझाही इलाज नाही, मुकादम."

"आधी बघू द्या."

घरून निघताना बायकोने एवढंच मागितलं होतं. "त्याची चूक होती का, तेवढं बघून या. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार?"

साखळी ताणून झाली की ताणायच्या स्क्रूचा दांडा उलटा फिरू नये म्हणून त्याला तार बांधून पीळ देतात. मुलगा डावखुरा. त्याचा पीळ जगाच्या उलटा जायचा. "तुझं घड्याळपण उलटंच चालतं का रे?" म्हणून बाप त्याला चारचौघांत चिडवायचा.

मुकादमाने तेरावी पाहिली. डावा पीळ, सहा वेळा. चौदावी मुद्दामच मागे ठेवून तो पंधरावीकडे गेला, मग सोळावी, असं करत चोविसावीपर्यंत. अकराही साखळ्यांना तसाच पीळ, एका मापाचा. एवढ्या वादळात एकही ढिली पडली नव्हती. त्याचा ऊर भरून आला. त्या वयात त्याला स्वतःला असं काम जमलं नव्हतं, आणि हे तो पोराला कधी बोलला नव्हता.

मग तो चौदावीपाशी आला. ती आता दोरखंडाने कशीबशी आवळून ठेवलेली होती. दांड्याला तारेचं तुटकं टोक लोंबत होतं. त्याने ते बोटांनी चाचपलं.

पीळ उजवा होता.

मुकादमाला आठवलं. जहाज सुटायच्या दुपारी मुलगा जेवायला गेलेला असताना तो सहज इकडे आला होता. चौदावीला लागूनच मुलाची पहाऱ्याची खुर्ची होती. पोरगं इतके दिवस इथेच बसणार, या विचाराने त्याला राहवलं नाही. त्याने मुलाची तार कापली, नवी बांधली, आणि सहाच्या जागी आठ पीळ दिले. जास्त पिळलेली तार मोडते, हे पोराला पहिल्याच दिवशी त्यानेच बजावलं होतं.

"साहेब, ही माझी."

"अहो, पण बाजू तर मुलाची."

"बाजू त्याची. तार माझी. तसं लिहा."

अधिकाऱ्याने आवाज खाली आणला. "मुलगा तर गेलाच. आता स्वतःला कशाला गोवून घेताय? तुटकी तार ती, कुणाला काय कळणार?"

"बाकीच्या अकरा बघा. आंधळ्यालाही कळेल."

अधिकाऱ्याने लिहिलं. मुकादमाने सही केली आणि तारेचा तुकडा मुठीत घेऊन तो वर आला. धक्क्यावर पाय ठेवतो न ठेवतो तोच फोन वाजला.

"अहो, बघितलंत? होती त्याची चूक?"

"नाही. त्याची नव्हती."

पलीकडे ती रडायला लागली. चार दिवसांत पहिल्यांदाच ती मोकळी रडत होती. पुढचं सांगायला त्याने तोंड उघडलं.

"मला ठाऊकच होतं," ती म्हणाली. "चुकेलच कसा? तुमच्या हाताखाली शिकला होता तो."