हरकतीचे कारण

नकाशात भीमनगर हिरवं होतं. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये भिंतीला खिळ्यांनी ठोकलेल्या त्या नकाशासमोर गौतमी केव्हाची उभी होती. हिरवं म्हणजे शेती. तिथं त्रेचाळीस घरं होती, विहार होतं, अंगणवाडी होती आणि नव्या विकास आराखड्याच्या लेखी तिथं नुसतं रान होतं.

आराखडा एकदा मंजूर झाला की हिरव्यातलं प्रत्येक घर बेकायदा. घरकुल नाही, वरती खोली काढायची सोय नाही आणि उद्या कोणी पाडायला आलं तर पुढं करायला कागद नाही. हरकत नोंदवायचा आज शेवटचा दिवस होता.

"माझ्या चुलीला हिरवा रंग दिलाय व्हय?" म्हाताऱ्या बयाबाईनं दारातूनच विचारलं. "मग पलंगाखाली मेथी लावू का?"

वस्तीतली माणसं हसली. हरकती ऐकून घ्यायला पुण्याच्या नगररचना खात्यातून आलेल्या प्रांजल मॅडमही हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. वयानं लहान, पण कामाला चोख. त्यांनी नकाशावर पट्टी ठेवून समजावून सांगितलं. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरपर्यंत पिवळा रंग, म्हणजे राहण्याची जागा. त्याच्यापुढं शेती. भीमनगरचं पहिलं घरच मुळी तीनशे दहा मीटरवर होतं.

"नियम सगळ्यांना सारखा आहे," त्या म्हणाल्या.

"व्हय, कागदावर सारखाच असतोय," गौतमी म्हणाली. चार वर्षं ती पंचायतीची सदस्य होती आणि चार वर्षं तिला ठराव वाचायच्या आधी सहीची जागा दाखवली जात होती. आज तिनं घरपट्टीच्या पावत्या, लाईटची बिलं, मतदारयादी असं सगळं पिशवीतून काढून टेबलावर मांडलं.

मॅडमनी एकेक कागद नीट पाहिला. "घरं आहेत हे मला दिसतंय हो. पण आराखड्याची समिती विचारणार, हद्दीबाहेर बांधलीच का? फार जुनी वस्ती असेल तर पिवळ्यात घ्या अशी शिफारस मी करीन. त्याला पुरावा लागेल." त्यांनी पुन्हा नकाशाकडं पाहिलं. "वेशीपासून घोड नदीच्या काठापर्यंत एवढी मोकळी जागा होती. तुम्ही इतक्या लांब का गेलात?"

कोणी पंख्याकडं बघू लागलं, कोणी स्वतःच्या चपलेकडं. सरपंच पृथ्वीराजनं मोबाईल काढला. सत्तर माणसांच्या त्या हॉलमध्ये उत्तर ठाऊक नसलेलं एकच माणूस होतं आणि प्रश्न त्यानंच विचारला होता.

गौतमीला मॅडमचा राग नव्हता. राग होता तो या खाली घातलेल्या मानांचा. तोंडापर्यंत आलेलं उत्तर तिनं गिळलं. तेच उत्तर तिच्या आजीनं दिलं होतं, आईनं दिलं होतं आणि दर वेळी 'जुनं कशाला उकरता' म्हणून गावानं त्यांना गप्प केलं होतं.

तिनं हरकतीचा फॉर्म उचलला. नाव, गट नंबर, सगळं भरून झालं होतं. 'हरकतीचे कारण' हा रकाना तेवढा कोरा होता. पहिल्या रांगेत पृथ्वीराजचे वडील हौसराव बसले होते, ऐंशी उलटलेले, वीस वर्षं सरपंचकी केलेले. गौतमीनं फॉर्म त्यांच्या मांडीवर ठेवला.

"आबा, एवढं लिवा."

"मी?" हौसराव चपापले. "अगं, तू शिकलेली हायेस. तूच लिव की."

"मी लिवलं तर हरकत व्हते. तुमी लिवलं तर पुरावा व्हतो. आमच्या माणसानं वेशीपासनं किती लांब ऱ्हायाचं, ते तुमच्या वाडवडलांनी ठरवलं व्हतं. तुमच्या आज्यानं ते पाळायला लावलेलं तुमी सोताच्या डोळ्यानं बघितलंय."

पृथ्वीराज उठला. "ताई, म्हाताऱ्या माणसाला कशाला मधी घेता? आपण ठरावात काढू की कायतरी मार्ग."

"ठरावाला माझी सही लागंल. ती आज मिळायची न्हाई. बसा तुमी, सरपंच."

गावच्या सरपंचाला भीमनगरातून कोणी कधी असं बसवलं नव्हतं. पृथ्वीराज बसला नाही, पण एक पाऊल पुढंही आला नाही. दीड वाजला होता. शिपायानं जेवणाची सुट्टी झाल्याचं सांगितलं. वस्तीतली एकही बाई जागची उठली नाही. कुरकुंभच्या कंपनीतली पहिली पाळी बुडवून आलेले बाप्ये इतका वेळ दारात उभे होते, ते आत आले आणि फरशीवर मांडी घालून बसले. मॅडमनीही काढलेला डबा परत पिशवीत ठेवला.

हौसरावांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. एकदा मुलाकडं बघितलं. पृथ्वीराज मानेनं नको नको म्हणत होता. म्हाताऱ्यानं त्याच्यावरची नजर काढली आणि खिशातलं पेन उघडलं.

"कुठल्या सालापासनं लिवू?" त्यांनी हळूच विचारलं.

"गाव वसलं त्या सालापासनं," गौतमी म्हणाली. "कागद लागंल तेवढा मी देते."