चौथं घर

बाबांनी तीस वर्षं लोकांच्या घरांत नळ बसवले, म्हणून स्वतःसाठी घर बघताना लेकीनं त्यांनाच सोबत नेलं. पहिल्या घरात ते म्हणाले, "पाण्याला जोर नाही." दुसऱ्यात म्हणाले, "जोर जरा जास्तच आहे." तिसऱ्या घरात एकूणएक नळ उघडून बंद केले, सिंकखाली वाकून पाइपवरून हात फिरवला. कुठे थेंबभर गळती नाही. तरी "हे नको," म्हणत चपला घालून बाहेर पडले. तिचं डोकंच चक्रावलं.

चौथ्या घरात शिरताच स्वयंपाकघरातली टपटप ऐकू आली. बाबांचा चेहरा खुलला. "डोळे झाकून घे हे."

"अहो बाबा, नळ गळतोय इथला!"

"गळू दे गं. त्या निमित्तानं तरी बोलावशील मला."