हिंगणीची सकाळची फेरी

एसटीची छोटी गाडी सुटायला पाच मिनिटं होती. प्रेरणानं मांडीवरच्या तक्त्यात तारीख घातली, २८ मे २००२, आणि खाली लिहिलं : चढले, तीन. जयवंता, तिची सासू सुमित्राबाई आणि कुणाकडे तरी आलेला एक परगावचा पाहुणा.

मुंबईच्या एका संस्थेनं तिला उन्हाळ्याच्या दोन महिन्यांची पगारी शिष्यवृत्ती दिली होती. हिंगणी ते सेवाग्राम रोज गाडीत बसायचं, चढणारे-उतरणारे मोजायचे आणि खेड्यांतल्या कोणत्या फेऱ्या चालू ठेवाव्यात ते सुचवायचं. तिचे आकडे आठवड्यापूर्वीच एसटीच्या कचेरीत गेले होते. आता नुसती महिनाअखेर पुरी करायची होती.

कंडक्टर प्रभाकरराव हातात कागद घेऊन आत आले.

"सुमित्राबाई, एक तारखेपासून ही फेरी बंद. सकाळची गाडी आता सेलूवरूनच सुटन."

"काऊन?"

"मानसं नाई म्हणते. सरासरी चार." त्यांनी प्रेरणाकडे पाहिलं आणि नजर वळवली.

जयवंता पुढच्या लांब सीटवर कुशीवर पडली होती. सेवाग्रामच्या दवाखान्यात तिच्या छातीच्या कॅन्सरवर विजेचा शेक चालू होता. कातडी भाजल्यासारखी काळी पडली होती. सासूचं जुनं, धुऊन मऊ झालेलं लुगडं तेवढं तिला सोसवायचं.

"अजून बारा शेक राह्यले हिचे," सुमित्राबाई म्हणाली. "सेलूपावतर जीपमंदी कशी नेऊ हिले? तिथं मानसावर मानूस बसते."

बोलता बोलता तिनं खिडकीबाहेर पाहिलं. थांब्यावरच्या कडुलिंबाखाली रोजच्यासारखी तीसेक माणसं उभी होती.

"अन् चार कशे व, मॅडम? एवढे लोक तं उभे हायेत."

"ते चढत नाहीत ना, काकू. रोज मागच्या जीपनं येतात. मला वाटलं, त्यांना जीपच बरी पडते."

खिडकीखाली उभ्या असलेल्या गावातल्या रुख्माबाईनं ते ऐकलं.

"बरी पडते? अवं, दुप्पट भाडं घेते तो! गाडीत बीमार मानूस असलं का गावातलं कोनी चढत नाई, बाई. हिले कोनाचा धक्का लागला म्हंजे?" तिनं प्रेरणाच्या मांडीवरच्या तक्त्याकडे बोट केलं. "तुमी वही घेऊन बसत होत्या. आमाले वाटलं, साऱ्यांइलेच मोजून राह्यल्या. म्हणून तं गाडी सुटेपावतर आमी इथून हलत नव्हतो."

कुणी काही लपवलं नव्हतं. जवळजवळ दोन महिन्यांत प्रेरणानं एकदाही खाली उतरून विचारलं नव्हतं.

"मंग आता मोजा," सुमित्राबाई म्हणाली आणि खिडकीतून तिनं हात हलवला. "चढा व समदे! मॅडम लिवून घेते."

आकडे गेले आहेत, आजचा दिवस त्यात कुणी धरणार नाही, हे प्रेरणाच्या ओठांवर आलं. प्रभाकररावांनाही ते ठाऊक होतं. ते दारातून बाजूला झाले.

रुख्माबाई पायरीपाशी येऊन अडली. "नाई व. जयवंताले त्रास होईन."

जयवंता हातावर भार देऊन उठून बसली. तिनं पाय जवळ घेतले.

"या, काकी. बसा."

तेव्हा माणसं चढू लागली. एकेक जण, अंग चोरून, पिशव्या डोक्यावर धरून. पुरुष मागे गेले, बाया पुढे उभ्या राहिल्या. गाडी सुटली. त्या काळी सेलूपर्यंतचा रस्ता उखडलेल्या गिट्टीचा होता. पहिल्याच खड्ड्याला सगळी गाडी एका अंगाला कलली. "जपून, जपून," म्हणत चार-पाच बायांनी एकमेकींना मागे ओढलं.

प्रेरणा मोजत होती. चौतीस. तिनं आकडा लिहिला, त्याच्यावरूनच पुन्हा गिरवला.

गर्दीत जयवंताचा चेहरा दिसत नव्हता. सीटच्या लोखंडी दांड्यावर घट्ट आवळलेली तिची बोटं तेवढी दिसत होती.

"मॅडम," तिकडून तिचा आवाज आला, "आता झाले का पुरे?"